काळ्या भुईतली पिकअप: लहान घ्यावी की मोठी?

पिंगळीत ऑफ-रोडिंग करायला कुठल्या क्लबात नाव नोंदवावं लागत नाही. जुलै महिन्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, खताची पोती पोचवायची एवढं ठरवलं की पुरे. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे गाव. भोवती काळी, भारी जमीन. सोयाबीन, कापूस, तूर, आणि जिल्ह्यात जिथे जायकवाडीच्या कालव्याचं पाणी पोचतं तिथे ऊस. गावापर्यंत डांबर, पुढे मुरूम, त्यापुढे पाणंद, आणि पाणंद संपली की नुसती चाकोरी. घरात पिकअप घ्यायची गोष्ट निघाली की वाद एकाच जागी येऊन अडतो: छोटा हाथी घ्यावा की बोलेरो? हातात उसाचा किंवा प्लॉटचा पैसा आलेला असेल तर घरातला तरुण पोरगा तिसरं नाव काढतो, व्ही-क्रॉस.

मोटारींच्या जगात हा वाद जुना आहे. अमेरिकेत तो ‘मिडसाइज की फुलसाइज’ असा चालतो. तिथली फोर्ड एफ-१५० चार दारांची घेतली तर जवळपास ५.९ मीटर लांब भरते आणि आरसे सोडूनही २ मीटरच्या वर रुंद असते. त्यांची मधली म्हणजे टोयोटा टॅकोमा किंवा फोर्ड रेंजर, सव्वापाच ते साडेपाच मीटरच्या घरातली. आपल्याकडे शोरूममध्ये मिळणारी टोयोटा हायलक्स ५.३२५ मीटरची. म्हणजे त्यांची मधली ती आपली थोरली. त्यांची फुलसाइज पिंगळीच्या पाणंदीत वळवायची झाली तर कुणाच्या तरी तुरीतूनच वळवावी लागेल, आणि मग पुढची सुनावणी तहसीलला. तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा चालत नाही तो एवढ्यासाठी. वजन, टायर, दोन आसांमधलं अंतर आणि गाडीच्या पोटाखालची जागा हे त्या वादातले मुद्दे मात्र आपल्या चिखलातही तेच राहतात.

आपल्याकडची उतरंड अशी. टाटा ४०७ १९८६ साली आली, पण ती मोंढ्याची आणि ठेकेदाराची गाडी राहिली. शेतकऱ्याच्या दारात पहिल्यांदा उभी राहिली ती मे २००५ मध्ये आलेली टाटा एस: ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ती, पाऊण टन माल, ३.८ मीटर लांबी, १२ इंची चाकं. छोटा हाथी याच नावाने ती खेडोपाडी ओळखली जाते. तिच्यामागून महिंद्राची जितो, मारुतीची सुपर कॅरी आल्या. मधल्या पायरीवर २०११ ची अशोक लेलँड दोस्त, सव्वा टनाची. तिच्यावर बोलेरो पिकअप, अडीच लिटरचं डिझेल इंजिन आणि १.३ ते १.७ टन माल. तिच्याच बरोबरीची टाटा योधा, जिची २०२२ साली आलेली आवृत्ती थेट २ टनांची आहे. सगळ्यात वर इसुझू व्ही-क्रॉस आणि हायलक्स. या दोघी पांढऱ्या नंबरप्लेटच्या, खासगी वापराच्या. डाला आहे म्हणून त्यांना पिकअप म्हणायचं एवढंच. हायलक्सचा डाला पाचशे किलोसुद्धा उचलत नाही. पंचवीस-तीस लाखांच्या वर मोजून छोट्या हाथीपेक्षा कमी माल नेणारी गाडी घ्यायची, हे शेतकऱ्याच्या हिशेबात बसणारं नाही, आणि ते बसावं अशी त्या कंपन्यांचीही अपेक्षा नसावी.

आता जमीन. हा सगळा वाद तिथेच सुटतो किंवा अडतो, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. काळ्या मातीत जी चिकणमाती असते तिच्या थरांत पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात याच शिवारात भेगा पडलेल्या असतात, हात आत जातो. तेव्हा जमीन इतकी टणक की तिच्यावरून भरलेला ट्रक न्यावा. पहिला मोठा पाऊस झाला की तीच जमीन लोण्यासारखी. मधल्या अवस्थेला आपण वापसा म्हणतो. पेरणीला वापसा लागतो तसा तो गाडीलाही लागतो, पण गाडी विकत घेताना कुणी त्याचा विचार करत नाही. वापशावर दीड टन माल घेऊन बोलेरो धुऱ्याच्या कडेकडेने सुखरूप बाहेर येते. त्याच जागी रात्रीतून दमदार पाऊस पडला की सकाळी रिकामी एस वीस पावलांत बसते. लहान गाडी हलकी, म्हणून चिखलात चालते, हा पिंगळीत आणि सगळ्या मराठवाड्यातच पसरलेला समज निम्माच खरा आहे.

का, ते टायरजवळ वाकून बघितलं की कळतं. चिखलात चाक फिरायला लागतं आणि पहिल्या काही वेढ्यांतच टायरच्या खाचा भरतात. टायर गुळगुळीत होतो. मग मातीवर माती चढते. त्यात सोयाबीनचं काड, एखादी पऱ्हाटीची काडी अडकते आणि त्या मातीला जणू गवंड्याने भुसा घातल्यासारखी बळकटी येते. चाक जाड होत जातं, मडगार्डला घासायला लागतं, घासल्याचा खरखर आवाज येतो, क्लचचा वास येतो, आणि शेवटी चाक फिरायचंच बंद होतं. मग ड्रायव्हर खाली उतरतो आणि टॉमीने मडगार्डमधली माती उकरून काढतो. १२ इंची चाकाच्या वर मोकळी जागाच थोडी असते, त्यामुळे एसवर ही पाळी लवकर येते. १५-१६ इंची चाकाच्या बोलेरोला किंवा योधाला थोडी उसंत मिळते. मोठ्या गाडीचा चिखलातला खरा फायदा हा आहे, इंजिनाच्या ताकदीचा नाही. ताकद जास्त असली तर चाक जास्त जोरात फिरतं आणि खड्डा लवकर खणला जातो.

दुसरी गोष्ट हवेची. टायर जमिनीवर किती दाब देतो ते ढोबळमानाने त्यातल्या हवेच्या दाबावरून कळतं. मालवाहू पिकअपच्या मागच्या चाकांत माल पेलण्यासाठी पन्नासच्या वर पीएसआय हवा भरलेली असते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात ती बारा ते सोळा असते. टनावारी वजनाचा ट्रॅक्टर ज्या चिखलातून ढेकळं उडवत निघून जातो तिथे त्याच्याहून हलकी पिकअप का फसते, त्याचं निम्मं उत्तर इथे मिळतं; उरलेलं निम्मं ट्रॅक्टरच्या टायरवरच्या उंच, तिरक्या पट्ट्यांत. हौशी ऑफ-रोडिंगवाले चिखल आला की हवा पंधरा-वीसपर्यंत उतरवतात आणि बाहेर आल्यावर पुन्हा भरतात. पाठीवर दीड टन माल असलेल्या गाडीला ते जमत नाही. टायर रिममधून निसटतो किंवा त्याची बाजू फाटते. पण रिकामी गाडी शेताकडे नेताना मागची हवा उतरवायला काय हरकत आहे? डांबरावर आल्यावर भरायला बॅटरीवर चालणारा छोटा पंप हजार-दोन हजारांत मिळतो. टायर पुढे रिबचे (सलग रेघांचे) आणि मागे लगचे (जाड ठोकळ्यांचे) ही ट्रकवाल्यांची जुनी रीत आहे. पिकअपला मागे लग टायर घेतले तर फरक लगेच जाणवतो, डांबरावर आवाज वाढतो तेवढा सोसावा लागतो.

रिकाम्या गाडीचा आणखी एक त्रास आहे. एस काय, बोलेरो काय, जोर मागच्याच चाकांना असतो आणि डाला रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं. जाताना रुतलेली गाडी येताना माल भरून निघते, याचं कोडं वाटायचं कारण नाही. म्हणून अनुभवी माणूस पावसाळ्यात दोन-तीन पोती रेती नाही तर खताची, अगदी मागच्या आसाच्या वर ठेवूनच शेताकडे निघतो. फाळक्याजवळ ठेवायची नाहीत, पुढचं टोक हलकं होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

चाकोरीचा प्रश्न वेगळाच. पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चर पाडलेले असतात आणि मध्ये उंचवटा. बोलेरोची दोन्ही चाकं साधारण त्या चरांच्या जवळपास बसतात. एसच्या चाकांमधलं अंतर कमी, त्यामुळे तिचं एक चाक चरात आणि एक उंचवट्यावर असं होतं आणि गाडी कलून चालते. वर कापूस रचलेला असेल तर हे कलणं बघवत नाही. चर फार खोल झाले की मात्र उलटं होतं: बोलेरोची चाकं चरात उतरतात आणि मागच्या आसाचा गोळा मधल्या उंचवट्यावर टेकतो. एकदा गोळा टेकला की चाकं हवेत, गाडी पालथ्या कासवासारखी, आणि ट्रॅक्टर बोलावण्याला पर्याय नाही.

धुरा ओलांडताना लहान गाडी खरोखरच सरस ठरते. हिशेब साधा आहे. गाडी धुऱ्यावरून जाताना पोट टेकणार की नाही ते पोटाखालची उंची आणि दोन आसांमधलं अंतर यांवर ठरतं. पोट २० सेंटिमीटर उंच आणि आसांमधलं अंतर सव्वातीन मीटर असलेली गाडी १४ अंशांच्या आसपास मोडलेला उंचवटा पार करते. पोट १६ सेंटिमीटरच, पण अंतर २.१ मीटर असेल तर १७ अंशांचा उंचवटासुद्धा चालतो. म्हणजे बुटकी एस धुऱ्यावरून निघून जाते आणि तिच्याहून उंच, लांबलचक बोलेरो मधोमध घासते. बोलेरो घेताना सगळ्यात लांब डाल्याचं मॉडेल घ्यायचा मोह मोठा असतो, कारण दोन-अडीचशे किलो माल जास्त बसतो. ज्याला शेतात गाडी घालायची आहे त्याने तो मोह आवरलेला बरा.

आणि फोर बाय फोर? बोलेरो पिकअप आणि तिची दोन रांगांच्या केबिनची आवृत्ती कॅम्पर फोर बाय फोरमध्ये निघाल्या आहेत, योधाही निघाली आहे. दुकानदाराकडे विचारलं तर ‘मागवावी लागेल’ असं उत्तर बहुधा मिळतं. चारही चाकांना जोर मिळाला की सुरुवातीची घसरण थांबते, रिकाम्या डाल्याचा त्रास कमी होतो. पण त्याला मर्यादा आहे. साध्या डिफरन्शिअलमध्ये जे चाक सहज फिरतं त्यालाच जोर जातो. पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं चिखलात फिरत राहिली तर उरलेली दोन ढिम्म. लॉक असलेली गाडी यातून निघते, पण ते लॉक आपल्याकडे हायलक्ससारख्या महागड्या गाडीतच हाताशी असतं. शिवाय मडगार्डमध्ये माती अडकली की फोर बाय फोरचीही तीच गत. माझं मत विचाराल तर पिंगळीत त्या जास्तीच्या पैशातून आधी चांगले लग टायर, एक पंप, एक मजबूत पट्टा आणि दोन फळ्या घ्याव्यात. उरलेच तर पाणंदीवर दोन हायवा मुरूम टाकावा.

लहान गाडीची बाजू घ्यायची तर ती पैशाची. जून २०२५ मध्ये आलेली एस प्रो चार लाखांच्या आतून सुरू झाली. बोलेरो पिकअपला त्याच्या दुप्पट-अडीचपट पैसे पडतात. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दोन्हींतली तफावत रुपयांत थोडी कमी झाली. पण फेऱ्या मोजा. सोयाबीनचा कट्टा साठ किलोचा धरला तर पाऊण टनात बारा कट्टे, दीड टनात पंचवीस. तीन एकरांत चोवीस क्विंटल झालं, म्हणजे चाळीस कट्टे: एसच्या चार फेऱ्या, बोलेरोच्या दोन. मोंढ्यात भाव सकाळी एक आणि दुपारी एक असा असतो, त्या दिवशी या दोन फेऱ्यांचा फरक डिझेलपेक्षा महाग पडतो. कापसाचं गणित आणखी वेगळं. त्याला वजनापेक्षा जागा लागते, तेव्हा डाला किती टनांचा याहून किती फुटांचा हे बघायचं. याउलट रोज सकाळी दूध, भाजी, चार शेळ्या परभणीला न्यायच्या असतील तर बोलेरो अर्धी रिकामी पळवण्यात काय शहाणपण?

प्रत्यक्षात मालक पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन भरतात, हे सांगायला नको. डांबरावर पाटे ते सोसून नेतात. चिखलात तोच जास्तीचा अर्धा टन गाडी बुडवतो. लहान गाडी घेऊन मोठीएवढा माल भरणारा दोन्हींचे तोटे पदरात पाडून घेतो.

माणसांची गोष्ट याहून गंभीर आहे. वेचणीच्या दिवसांत डाल्यात बायका दाटीवाटीने उभ्या करून गाडी शेताकडे निघते, आणि अशा गाड्या उलटल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मालवाहू गाडीत मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर विमा लागू होतो. फुकट किंवा पैसे देऊन बसलेल्या इतरांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. ती भरपाई गाडीमालकाच्या जमिनीतून जाऊ शकते. ज्याच्याकडे नेहमी मजूर न्यायचे असतात त्याने कॅम्परचा, म्हणजे दोन रांगांच्या केबिनच्या गाडीचा विचार करावा. डाला आखूड होतो, माल टनभरावर येतो, पण चार-पाच माणसं आसनावर बसतात. त्याहून जास्त माणसं असतील तर दोन फेऱ्या. लहान की मोठी या वादात हा मधला पर्याय विसरला जातो, तो पिंगळीसारख्या गावात बऱ्याच घरांना बरोबर बसेल.

लायसन्सचा घोळ मिटला आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ७,५०० किलोंपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. इथल्या सगळ्याच पिकअप त्यात येतात.

रस्त्याची बाजू राहिली. गाडी किती रुंद घ्यावी हे शेवटी पाणंद किती रुंद आहे यावर ठरतं, आणि पाणंद दर पेरणीला नांगराच्या एकेका तासाने अरुंद होत जाते. दोन्हीकडचे शेजारी तासभर आत येतात. बैलगाडीला पुरेल एवढी वाट उरते. यावर कायदा आहे आणि जुना आहे. अडवलेला रस्ता मोकळा करून घ्यायला १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा, नवीन रस्ता बांधावरून मागायला १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३, दोन्ही अर्ज तहसीलदाराकडे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर व्हावी असं धोरण घेतलं. चार मीटरच्या वाटेवर बोलेरो आरामात जाते. दोन मीटरच्या वाटेवर १.७ मीटर रुंदीची बोलेरो दोन्हीकडच्या बोरी-बाभळींनी ओरखडत जाते आणि समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी अर्धा किलोमीटर मागे यायचं. तिथे दीड मीटर रुंदीची एसच बरी.

सप्टेंबर २०२४ आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ओढ्यांवरचे नळकांडी पूल किती ठिकाणी खचले ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. पाण्यातून गाडी घालायची वेळ आली तर लहान-मोठीचा वाद बाजूला ठेवावा. वाहतं पाणी दोन फूट असलं तर मोठी गाडीही उचलली जाते. हलकी एस त्याच्या कितीतरी आधी तरंगायला लागते. हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, पण तो आकडा पुराच्या पाण्याला लावायचा नसतो, तळ दिसत नसलेल्या ओढ्याला तर नाहीच.

हौसेसाठी ऑफ-रोडिंग करणाऱ्यांचं काय? इगतपुरीला महिंद्राची प्रशिक्षण अकादमी आहे, गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. तिथल्या चिखलात मारुती जिप्सी आणि थार-जीपसारख्या आखूड गाड्या झपाट्याने जातात; बंद होऊन कितीतरी वर्षं झाली तरी जिप्सीचा मान टिकून आहे, कारण तिचं वजन टनभर आणि आसांमधलं अंतर अडीच मीटरच्याही आत. लांब पिकअप तिथे नेणारा हौशी माणूस वळणावरच थकतो. परभणीकडून सह्याद्रीत जाऊन असं काही करायचं असेल तर व्ही-क्रॉस लांबच्या प्रवासाला उत्तम, मागे तंबू-सामान बसतं. पण घाटातल्या अरुंद जंगलवाटांना ती मोठीच पडते.

खरं तर पिंगळीच्या शिवाराला जी गाडी हवी ती जपानमध्ये भातशेतीवाल्यांच्या दारोदार उभी असते. ६६० सीसीची केई ट्रक: ३.४ मीटर लांब, दीड मीटरही रुंद नाही, साडेतीनशे किलो माल, आणि चारही चाकांना जोर. काहींत मागच्या डिफरन्शिअलला लॉकही. सुझुकी तिथे कॅरी या नावाने अशी फोर बाय फोर गाडी विकते. तिचीच भारतातली बहीण सुपर कॅरी २०१६ पासून इथे मिळते, पण जोर मागच्याच दोन चाकांना. सपाट डांबरावर गॅसची टाकी आणि भाजी पोचवायची गाडी म्हणून ती विकली जाते, आणि लहान गाडी शेतात जाते हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं दिसत नाही. जीपचं घराणं असलेल्या देशात पाऊण टनाची, आखूड, चारही चाकं ओढणारी पिकअप सहा-सात लाखांत द्यायला काय अडचण असावी, हे मला तरी कळलेलं नाही. ती येईपर्यंत पाणंद चार मीटरची आणि मुरमाची असेल तर आखूड डाल्याची बोलेरो किंवा योधा घ्यावी. आखाडा आत काळ्या भुईत असेल तर एस घेऊन ती डांबरालाच उभी करावी, आणि जून ते सप्टेंबर आखाड्यापासून तिथपर्यंत माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने आणावा.